मधुमेहातील आहार व जीवनक्रम

मधुमेहातील आहार व जीवनक्रम : दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे निदान झाल्यानंतर रुग्णाला आपल्या खाण्यापिण्यात, हालचालीत, झोपेत आणि एकूण दिनचर्येत जे फेरबदल करावे लागतात त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. या प्रकाराला पूर्वी प्रौढ वयातील किंवा इन्शुलीन-अनवलंबी मधुमेह असे म्हणत असत. तो बहुधा लक्षणांवाचून सुरू होतो आणि कित्येक वर्षे लपून राहतो. दाताची किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरल्यावर केलेली रक्ततपासणी, विम्यासाठी झालेली वैद्यकीय परीक्षा, भरून न येणारी एखादी जखम अशा निमित्ताने त्याचा पत्ता लागतो. उपाशीपोटी दर १०० मिलि. रक्तद्रवात १२६ मिग्रॅ. वा त्याहून अधिक ग्लुकोज, ७५ ग्रॅ. ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० मिग्रॅ. वा अधिक, अथवा ग्लायकोसिलीकृत हीमोग्लोबिन (एचबीए१सी) ६·५ टक्के वा अधिक, यांपैकी एक आढळले की मधुमेह धरला जातो. लक्षणे नसल्यास तपासणी पुन्हा करून खात्री करून घेतात.

निदानाच्या आदल्या दिवशी जसे वाटत होते तसेच रुग्णाला दुसऱ्या दिवशीही वाटते. दुखत-खुपत काही नसते. तरीही चाळीस-पन्नास वर्षे अंगवळणी पडलेले ताट बदलण्यास त्याला सांगितले जाते. तापात किंवा मोडलेल्या हाडात पथ्य पाळणे सोपे जाते, कारण वेदनाच त्याची आठवण देते. येथे अशी आठवण देणारे काही नसते आणि पथ्य आयुष्यभराचे असते. म्हणून या विकारात ‘काय खावे’ या प्रश्नाइतकाच ‘जे ठरले ते वर्षानुवर्षे कसे टिकावे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. टिकण्याच्या दृष्टीने पाहता घरातील नेहमीच्या अन्नाचे प्रमाण, क्रम व वेळ बदलणे हे वेगळे ‘मधुमेही’ अन्न शिजविण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

इतिहास : चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिलेले असून त्यांत मधुमेहाचा समावेश आहे. सुश्रुतसंहितेने प्रमेहाचे सहज (जन्मजात) व अपथ्यनिमित्तज (चुकीच्या आहारविहाराने होणारा) असे दोन भेद केले. पहिल्यातील रोगी कृश व दुसऱ्यातील स्थूल असतो, हे त्यातील निरीक्षण आजच्या वर्गीकरणाच्या बरेच जवळ जाणारे आहे. चिकित्सेत जवासारखी धान्ये व श्रम यांवर भर होता. निर्धन रोग्याने पादत्राण व छत्रीवाचून शंभर योजने चालावे, विहीर खणावी, असेही तेथे सांगितले आहे. चालण्याचा उपदेश आजही मान्य आहे. अनवाणी चालण्याचा मात्र नाही, त्याचे कारण पुढे येईल.

मधुमेहाच्या मूत्रात व रक्तद्रवात साखर असते हे मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्याने १७७६ मध्ये दाखविले. १८७०–७१ च्या वेढ्यात पॅरिसमध्ये अन्नटंचाई झाली, तेव्हा कित्येक मधुमेह्यांच्या मूत्रातील साखर नाहीशी झाल्याचे आपोलिनेर बुशार्दा यांच्या ध्यानात आले. त्यांनी कमी खाणे व शारीरिक श्रम हे उपचाराचे मुख्य अंग मानले आणि प्रत्येक रोग्यासाठी आहार स्वतंत्रपणे ठरविण्याची प्रथा पाडली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूयॉर्क येथील फ्रेडरिक ॲलन यांनी हेच तत्त्व टोकाला नेले. त्यांच्या उपासमारीच्या उपचाराने काही मुले इन्शुलीन मिळेपर्यंत जगली, तर काही उपासमारीनेच दगावली. १९२१ मध्ये टोराँटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलीन वेगळे केले. सर्वच मधुमेह्यांत इन्शुलिनाची उणीव नसते, काहींचे शरीर त्याला दाद देत नाही, हे १९३६ मध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवून दिले. [⟶ इन्शुलीन].

पथ्याचे नियम मात्र बराच काळ सरसकट राहिले. भात बंद, बटाटा बंद, आंबा बंद अशी याद्यांची परंपरा दवाखान्यांतून चालत आली. टोराँटोत १९८१ मध्ये डेव्हिड जेंकिन्स व सहकाऱ्यांनी मांडलेल्या ग्लायसेमीय निर्देशांकामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली : तेवढ्याच कार्बोहायड्रेटाचे निरनिराळे पदार्थ रक्तशर्करा निरनिराळ्या वेगाने चढवितात. तथापि हा निर्देशांक प्रमाणाविषयी काहीच सांगत नाही. त्याच्या आधारे पदार्थांचे ‘चांगले’ व ‘वाईट’ असे वाटे करण्याची जी सवय नंतर रूढ झाली, ती जुन्या याद्यांहून फारशी वेगळी नाही.

शरीरातील बिघाड : भात, पोळी, भाकरी, साबुदाणा यांतील स्टार्चाचे आतड्यात ग्लुकोज होते व ते रक्तात येते. अग्निपिंडातून (स्वादुपिंडातून) स्रवणारे इन्शुलीन हे ग्लुकोज स्नायूंत व वसापेशींत शिरण्यास मदत करते आणि यकृताला स्वतःचे ग्लुकोज सोडण्यापासून थांबविते. दुसऱ्या प्रकारात स्नायू व यकृत इन्शुलिनाला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. अग्निपिंड काही वर्षे जास्त इन्शुलीन स्रवून ही तूट भरून काढते आणि मग थकते. निदानाच्या वेळी त्याची कार्यशक्ती बहुधा निम्म्याच्या आसपास उतरलेली असते. सकाळी उपाशीपोटीही साखर जास्त का, या रुग्णांच्या नेहमीच्या शंकेचे उत्तर यात आहे : रात्री न खाताही यकृत ग्लुकोज सोडीतच असते.

यकृतात व अग्निपिंडात साठलेली चरबी या बिघाडास हातभार लावते. ही चरबी अंगावर दिसेलच असे नाही, आणि भारतीयांच्या बाबतीत या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २·७ किग्रॅ., तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील अर्भकांचे सुमारे ३·५ किग्रॅ. भरले, परंतु वजनातील ही तूट मुख्यतः स्नायू व अंतरिंद्रिये यांत होती, त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिक यांनी जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्यासह स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचा शरीर-वस्तुमानांक एकच, २२·३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९·१ टक्के, तर याज्ञिक यांची २१·२ टक्के. ‘मी तर लठ्ठ नाही, मग मला मधुमेह कसा’ असे विचारणाऱ्या मराठी मध्यमवयीन गृहस्थाला याहून समर्पक उत्तर देणे कठीण आहे. यामुळेच भारतीयांसाठी शरीर-वस्तुमानांक २३ पासूनच वजन जास्त मानतात आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. ही धोक्याची सीमा धरतात.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना, म्हणजे प्रौढांपैकी ११·४ टक्के लोकांना मधुमेह असावा. राज्यवार प्रमाणात गोवा सर्वांत वर (२६·४ टक्के) होता.

आहार : महाराष्ट्रीय जेवणात दोष साखरेपेक्षा स्टार्चाच्या राशीचा अधिक आहे. मध्यम आकाराच्या एका पोळीत (सुमारे ३० ग्रॅ. कणीक) सुमारे २० ग्रॅ., शिजलेल्या भाताच्या एका वाटीत (१५० ग्रॅ.) सुमारे ४० ग्रॅ. आणि ७० ग्रॅ. पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत ४५ ते ५० ग्रॅ. कार्बोहायड्रेट असते. तीन पोळ्या, दीड वाटी भात, बटाट्याची भाजी आणि गूळ घातलेली आमटी एवढ्या साध्या जेवणात गोडाचा पदार्थ नसतानाही सुमारे १६० ग्रॅ. कार्बोहायड्रेट पोटात जाते. त्याच घरात, त्याच स्वयंपाकातून दोन पोळ्या, अर्धी वाटी भात, वाटीभर मटकीची किंवा चवळीची उसळ, भरपूर पालेभाजी, काकडीची किंवा मुळ्याची कोशिंबीर व बिनसाखरेचे ताक असे वाढून घेतल्यास हा आकडा ९५ च्या आसपास येतो. पोट तितकेच भरते, कारण उसळीतील प्रथिने व भाजीतील चोथा यांनी भूक लांबते. ताटात डावी बाजू लहान आणि उजवी मोठी ही चाल उलटविणे, असे या बदलाचे एका वाक्यात वर्णन करता येईल. उपर्युक्त संशोधन परिषदेच्या आधारसामग्रीवरून २०२२ मध्ये मांडलेल्या गणितानुसार नव्याने निदान झालेल्यांनी कार्बोहायड्रेटांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या निम्म्याच्या आसपास आणून प्रथिनांचा वाटा सुमारे एक-पंचमांशापर्यंत न्यावा.

क्रमालाही महत्त्व आहे. आधी कोशिंबीर, भाजी व उसळ किंवा मासळी, आणि पोळी-भात शेवटी, असे खाल्ल्यास तेच जेवण रक्तशर्करा कमी चढविते. तेलाचा मात्र हिशेब ठेवावा लागतो. भाताच्या जागी दाण्याचे कूट व फोडणी वाढली तर साखर उतरूनही वजन चढते.

काही समजुती येथे तपासून पाहणे योग्य ठरेल. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, ही सर्वांत प्रचलित. ज्वारी-बाजरीत चोथा अधिक असतो हे खरे. परंतु वर दिल्याप्रमाणे एक जाड भाकरी दोन पोळ्यांच्या वरच भरते. गूळ व मध ‘नैसर्गिक’ म्हणून चालतात, ही दुसरी. गूळ बहुतांशी साखरच असून मधात ग्लुकोज व फ्रुक्टोज असतात. रक्ताला त्यांचा फरक फारसा कळत नाही. साखर नसल्याचे छापलेल्या बिस्किटांतील मैदा कोणी विचारात घेत नाही. कारल्याचा रस व मेथीदाणे यांचा थोडा उपयोग होतो, मात्र त्यांच्या भरवशावर औषध सोडणाऱ्यांचे नुकसान होते. याउलट फळांची भीती अनाठायी आहे. पेरू, पपई, संत्रे, जांभूळ ही फळे रस न काढता बेताने खाता येतात. एका मध्यम हापूस आंब्यात जवळजवळ एका पोळीएवढे कार्बोहायड्रेट असते. जेवणातील एक पोळी वगळून तो खाल्ल्यास हंगाम अगदीच कोरडा जात नाही. वाटी-वाटी आमरस आणि वर पुऱ्या ही गोष्ट वेगळी.

चहाचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. दिवसाला चार कप व प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅ. साखर व १६० किलोकॅलरी. वर्षाला १४ किग्रॅ.हून अधिक. ही साखर जेवणातील नसल्याने हिशेबात धरली जात नाही आणि पाहुणचारातील असल्याने नाकारली जात नाही. निदानानंतरच्या पहिल्या महिन्यात एवढा एकच बदल घट्टपणे केला तरी पुष्कळ साधते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करीत गेल्यास जिभेला ते सोसते आणि दोन-तीन महिन्यांनी पूर्वीचा चहा काकवीसारखा लागतो.

उपवासाचे पदार्थ हा महाराष्ट्रातील खास अडथळा होय. साबुदाणा हा कसावा या दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कंदाचे जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, ७५ ग्रॅ. साबुदाण्याच्या खिचडीत त्याचे ६५ ग्रॅ. तरी असते, शिवाय बटाटा. एकादशीला दुप्पट खाण्याविषयीची थट्टा मधुमेह्याच्या बाबतीत शब्दशः खरी ठरते. ज्यांना उपवास सोडवत नाही त्यांना दही, ताक, दाणे, राजगिरा व एखादे फळ यांवर तो करता येतो. ज्यांच्या गोळ्यांनी साखर फार उतरते त्यांनी वैद्याला विचारल्यावाचून करू नये. सणाच्या गोडाबाबत मध्यममार्ग असा की, एका पुरणपोळीत साधारण तीन साध्या पोळ्यांइतके कार्बोहायड्रेट असल्याने ती जेवणावर न खाता जेवणाच्या जागी, कटाची आमटी व भाजीबरोबर खावी. वर्षातील दहा-बारा दिवस असे गेल्याने विकार बळावत नाही. दिवाळीचे फराळाचे डबे महिनाभर उघडत राहिल्याने तो बळावतो.

गोव्यात व कोकणात शीत-कढी हेच मुख्य अन्न. तेथे भात तोडण्याचा उपदेश सहसा वाया जातो. बांगडा, तारली यांसारखी मासळी वाढवून भात मोजून घेणे अधिक व्यवहार्य. उकड्या तांदळाचा भात सुरय तांदळापेक्षा किंचित सावकाश पचतो, पण तो ताटभर घेण्यास ही सबब पुरत नाही.

या सर्व उपदेशाला उत्पन्नाची मर्यादा आहे आणि आहारपत्रके लिहिणाऱ्यांना ती सहसा दिसत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमान्वये प्राधान्य गटातील कुटुंबाला दरमहा माणशी ५ किग्रॅ. धान्य मिळते आणि ते मुख्यतः तांदूळ व गहू असते. म्हणजे ज्या घटकाची राशी कमी करावयाची तोच सर्वांत स्वस्त. डाळ, भाजी, दूध, अंडी, मासळी बाजारभावाने घ्यावी लागतात. बांधकामावर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराच्या डब्यात चार भाकऱ्या आणि चटणी असते ती निष्काळजीपणाने नव्हे. अशा रुग्णाला बदाम व ओट सांगण्यापेक्षा हुलग्याचे माडगे, चटणीऐवजी पिठले, हंगामातील स्वस्त पालेभाजी व मोड आलेली कडधान्ये सुचविणे हाच उपचार होय. श्रम करणाऱ्याला धान्य जास्त लागते, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्याचे धान्य कारकुनाच्या मापाने तोडणे योग्य नाही.

कुटुंब : मधुमेह एकाला होतो, ताट घराचे बदलते. रुग्ण पुरुष असल्यास पत्नी त्याच्यासाठी वेगळी भाजी, वेगळी भाकरी करू लागते. हा उत्साह काही आठवड्यांत ओसरतो, कारण दोन स्वयंपाक कोणालाच कायम जमत नाहीत. शिवाय वेगळे वाढलेले ताट रोज रोगाची आठवण देते. रुग्ण स्त्री असल्यास परिस्थिती अधिक बिकट होते. अनेक घरांत ती सर्वांत शेवटी जेवते; उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तोच खाते, भाजी तोवर संपलेली असते. तिच्या आहारपत्रकातील पहिला बदल पदार्थाचा नसून पंक्तीचा असावा लागतो : सर्वांबरोबर, वेळेवर आणि भाजी संपण्याआधी बसणे. मुलांना या विकाराचा आनुवंशिक धोका असतोच. तेव्हा कमी भात व जास्त उसळ हे ताट त्यांच्याही हिताचे आहे.

निदान लपविण्याची प्रवृत्ती आढळते. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असता आईबापांचा मधुमेह सांगितला जात नाही, कार्यालयात सहकाऱ्यांना कळू दिले जात नाही. लपविणाऱ्याला प्रत्येक पेढा खावा लागतो. निदानानंतर उदासी, चिडचिड, आपल्या हातून काही अपराध घडला अशी भावना या प्रतिक्रिया सामान्य आहेत. रोगाचा ठपका रुग्णाच्या जिभेवर ठेवण्याची रीत तर सर्वत्र आहे. वर सांगितलेला आनुवंशिक व गर्भावस्थेतील वारसा पाहता ती अन्यायाची आहे, आणि उपयोगाचीही नाही : दोषी ठरलेला माणूस तपासणीलाच येईनासा होतो.

हालचाल व झोप : आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनाच्या मदतीवाचूनही ग्लुकोज ओढून घेतो. त्यामुळे जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याचा परिणाम लगेच मोजता येतो; शतपावलीची जुनी चाल शास्त्रशुद्ध होती असे म्हणण्यास हरकत नाही, फक्त पावले शंभराहून अधिक हवीत. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन-तीन वेळा स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम सर्वसाधारणपणे सुचवितात. आपल्याकडील उपजत कमी स्नायुभार पाहता दुसरा भाग सोडून चालणार नाही. जोर, बैठका, पाण्याच्या भरलेल्या बादल्या वाहणे यांनीही तो साधतो. अपुरी झोप व रात्रपाळी यांनी इन्शुलिनाला होणारा विरोध वाढतो. मिश्री, तंबाखू व विडी सोडणे हे साखर मोजण्याइतकेच आवश्यक, कारण मधुमेह्याचा मृत्यू बहुधा हृदयविकाराने ओढवतो.

औषधे व अवशर्करा : आहार पाळला म्हणजे औषध नको, अथवा औषध घेतले म्हणजे आहार नको, या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. मेटफॉर्मीन हे १९५७ पासून माहीत असलेले औषध बहुतेकांना प्रथम दिले जाते; एकट्याने ते साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरवीत नाही. दीर्घकाळ घेतल्यास ब१२ जीवनसत्त्वाची उणीव होऊ शकते, शाकाहारी रुग्णांत विशेषेकरून. पायांतील मुंग्यांचा दोष दर वेळी मधुमेहावर टाकण्यापूर्वी ती तपासावी. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या व इन्शुलीन घेणाऱ्यांत जेवण चुकल्यास किंवा मद्यपान केल्यास रक्तशर्करा ७० मिग्रॅ.च्या खाली जाऊन घाम, थरथर, धडधड, गोंधळलेपणा ही लक्षणे होतात. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. ज्याने महिनोन्‌महिने साखरेला हात लावलेला नाही त्याच्याही खिशात ती असावी लागते ती यासाठी. आहार एकदम कमी केल्यास औषधाची मात्राही कमी करावी लागते, हे पुष्कळांना माहीत नसते.

पहिल्या काही आठवड्यांत घरगुती मापकाने जेवणापूर्वी व जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजल्यास रुग्णाला स्वतःच्याच ताटाची परीक्षा करता येते. जेवणानंतर १८० मिग्रॅ.च्या आत राहणे हे सर्वसाधारण उद्दिष्ट होय. पोहे, उपमा, इडली यांपैकी आपल्याला काय सोसते हे कोणत्याही पत्रकापेक्षा त्या आकड्यांवरून चांगले कळते. दोन व्यक्तींत त्याबाबत बराच फरक आढळतो.

आरंभीच्या वर्षांचे महत्त्व : ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये सुरू झालेल्या व १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात नवनिदानित रुग्णांचे दोन गट करण्यात आले. कसून नियंत्रण केलेल्या गटात एचबीए१सी ७·० टक्के, तर दुसऱ्यात ७·९ टक्के राहिले. एवढ्या फरकाने डोळे व मूत्रपिंडे यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या उपद्रवांत सुमारे एक-चतुर्थांश घट झाली. अभ्यास संपल्यानंतर वर्षभरातच दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरीही दहा वर्षांनी, २००८ मध्ये, पहिल्या गटातील उपद्रव कमीच आढळले, हृदयविकाराचे झटकेही कमी होते. आरंभी मिळविलेला लाभ असा मागे उरतो आणि आरंभी झालेली हानीही उरते. ‘अजून काही त्रास नाही, होईल तेव्हा पाहू’ हा युक्तिवाद या निष्कर्षापुढे टिकत नाही.

२०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंड व ईशान्य इंग्लंडमधील चाचणीत निदानानंतर सहा वर्षांच्या आतील, इन्शुलीन न घेणाऱ्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० किलोकॅलरींचा द्रव आहार व नंतर मार्गदर्शन देण्यात आले. वर्षअखेर त्यांच्यातील सुमारे ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांवाचून मधुमेहाच्या पातळीखाली आली; १५ किग्रॅ. वा अधिक वजन उतरलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. दुसऱ्या वर्षअखेर एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आले, आणि ज्यांचे वजन परतले त्यांचा विकारही बहुधा परतला. औषध थांबविल्यानंतर किमान तीन महिने एचबीए१सी ६·५ टक्क्यांखाली राहणे, याला २०२१ पासून ‘उपशम’ म्हणतात. ‘बरा होणे’ हा शब्द तज्ञांनी जाणूनबुजून टाळला आहे. मुळापासून बरे करण्याची जाहिरात करणारे तो टाळीत नाहीत. सडपातळ रुग्णाने हा कडक आहार आपल्या मनाने करू नये. त्याचे वजन आपोआप उतरत असेल तर इन्शुलिनाची खरी उणीव असण्याचा संभव असतो आणि त्याला उपासाची नव्हे, तपासणीची गरज असते.

तपासण्या व पायांची निगा : विकार वर्षानुवर्षे लपलेला असल्याने निदानाच्या दिवशीच काहींच्या दृष्टिपटलात बदल झालेले असतात. म्हणून डोळ्यांची बाहुली विस्फारून केलेली तपासणी, मूत्रातील अल्ब्युमीन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल व पायांतील संवेदना यांची तपासणी लगेच व पुढे दर वर्षी करतात. एचबीए१सी तीन ते सहा महिन्यांनी पाहतात. मधुमेह्यांत क्षयाचा धोका दोन-तीन पटींनी अधिक असल्याने दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला दुर्लक्षू नये.

पायांची संवेदना नकळत जाते. मग चपलेत अडकलेला खडा दिवसभर कळत नाही, देवळाच्या फरशीवर दुपारी भाजलेले तळवे रात्री फोड दिसल्यावर ध्यानात येतात. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे २५० किमी.ची वारी मधुमेही वारकरी करतात व त्या चालण्याने त्यांची साखर उतरतेही. मात्र नवस म्हणून अनवाणी चालणाऱ्याला एका काट्याने पाय गमवावा लागू शकतो. पायांत मऊ, बंद पादत्राणे व सुती मोजे घालून चालावे, मुक्कामी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवे आरशात अथवा दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत. घरातही हाच क्रम रोज रात्री ठेवावयाचा असतो. उपशम मिळालेल्यांच्याही वार्षिक तपासण्या चालूच ठेवतात.